नागपूरहून गावात आलेला जुना लॅपटॉप: एका खरेदीचा पूर्ण तपशील

गरज आणि बजेट

दारव्हा तालुक्यातलं (जि. यवतमाळ) एक गाव. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी. घरातल्या मुलीने २०२५ च्या जुलैमध्ये यवतमाळच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतला. एसटीच्या पासवर रोज जाऊन-येऊन शिकायचं, म्हणजे प्रॅक्टिकलचा सराव घरीच होणार. पेरणी, खत आणि फवारणीचा हिशेब लावून लॅपटॉपसाठी २४,००० रुपये बाजूला निघाले. लॅपटॉप, प्रवास आणि वरचं सगळं सामान त्यातच बसवायचं होतं.

कामं ठरलेली होती. सी, पायथन, जावा, मायएसक्यूएल. पुढच्या वर्षी कदाचित अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइलची अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर). धाकट्या भावाला मराठी टंकलेखनाच्या परीक्षेचा सराव. बाबांचे महाडीबीटीवरचे अर्ज. गावात दिवसातून दोन-तीनदा लाईन जाते, कधी सलग दोन तास. त्यामुळे बॅटरीवर किमान तीन तास काम व्हायला हवं. नेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट.

शहरात जुना लॅपटॉप घेणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन तपासतो आणि खोट निघाली तर दुसऱ्या दिवशी दुकानात परत नेऊन देतो. या घरापासून नागपूर एसटीने पाच तासांवर आहे. ‘सात दिवस टेस्टिंग वॉरंटी’ वापरायची तर प्रत्येक वेळी एक पूर्ण दिवस, दोघांचं भाडं आणि ऐन डवरणीच्या दिवसांत बुडालेली मजुरी. म्हणून पैसे देण्याआधी काउंटरवर दोन तास घालवायचे, हे आधीच ठरवलं. तपासणीत लक्ष कशावर द्यायचं, तेही ठरवलं. रॅम, एसएसडी, बॅटरी आणि चार्जर नंतर बदलता येतात. प्रोसेसर, मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) आणि त्यातलं लॉक, म्हणजे पासवर्ड किंवा जुन्या कंपनीची नोंद, बदलत नाही. स्क्रीन बदलता येते, पण महाग पडते. दुकानदार जाहिरात करतो ती बदलता येणाऱ्या गोष्टींची: १६ जीबी, ५१२ एसएसडी, नवी बॅटरी. गिऱ्हाईकाने उलट्या बाजूने बघायला हवं.

तीन पर्याय, तिन्ही सोडले

पहिला पर्याय नव्या लॅपटॉपचा. तेवीस-चोवीस हजारांत सेलेरॉन एन-४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी साठवण असलेलं नवं मशीन मिळत होतं. खोका नवा, वर्षभराची वॉरंटी, त्यामुळे घरच्यांचा कल तिकडेच होता. पण हा दोन कोरचा, म्हणजे काम करणारे दोनच भाग असलेला, प्रोसेसर आहे. अशा मशीनची रॅम बहुतेक वेळा बोर्डावर डाख देऊन (सोल्डर करून) बसवलेली असते, ती वाढवता येत नाही. विंडोज आणि त्याचे अपडेट मिळून ६४ जीबीतली बहुतेक जागा खातात. जावा आणि मायएसक्यूएल एकत्र चालवताना अशा मशीनची दमछाक होते, अँड्रॉइड स्टुडिओचं तर नावच नको. वॉरंटी बिघाडावर मिळते, मंदपणावर मिळत नाही.

दुसरा पर्याय यवतमाळातच होता: ओळखीतल्या एकाचा ‘आय-सेव्हन’ लॅपटॉप, १२,००० रुपयांत. आय-सेव्हनच्या स्टिकरला भुलणारे खूप आहेत, म्हणून हे नीट समजून घ्यावं. त्यातला प्रोसेसर होता आय-सेव्हन ४६००-यू. पुढचा ४ म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची, आणि कोर फक्त दोन. इंटेलच्या यू मालिकेत सातव्या पिढीपर्यंत आय-फाइव्ह आणि आय-सेव्हन दोन्ही दोन कोरचेच होते. आठव्या पिढीपासून ते चार कोरचे झाले. म्हणजे आठव्या पिढीचा साधा आय-फाइव्ह चौथ्या पिढीच्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. दुसरी अडचण विंडोजची. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता. जुलैमध्ये चौथ्या पिढीचं मशीन घेणं म्हणजे तीन महिन्यांनी सुरक्षेचे नेहमीचे अपडेट बंद. त्याच मशीनवर लिनक्स टाकून उत्तम काम होतं, हेही खरं. पण भावाच्या टंकलेखनाच्या सरावाला विंडोज हवं होतं.

तिसरा पर्याय अमरावतीचा, थिंकपॅड टी-४८०. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, रॅमच्या दोन जागा, आतली एक आणि बाहेरून काढता येणारी एक अशा दोन बॅटऱ्या. लाईन जाणाऱ्या गावासाठी याहून सोयीचं मशीन सापडणं कठीण, आणि किंमतही १९,०००. विकणाऱ्याने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मुलीने त्याला बंद करून सुरू करायला आणि लेनोवोचं चिन्ह दिसताच एफ-१ दाबायला सांगितलं. पडद्यावर पासवर्डची चौकट आली. तो सुपरवायझर पासवर्ड. मशीन रोज चालतं, पण बायोसमधलं (विंडोजच्या आधी सुरू होणारं, मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) काहीही बदलता येत नाही, आणि थिंकपॅडमध्ये हा पासवर्ड बायोसचा छोटा सेल काढूनही जात नाही. लेनोवोच्या अधिकृत उत्तराप्रमाणे मदरबोर्डच बदलावा लागतो. सौदा फोनवरच संपला, अमरावतीची चक्कर वाचली. दूरचं मशीन बघायला निघण्याआधी व्हिडिओ कॉलवर बायोस उघडून दाखवायला सांगावं. दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटी ठरलं डेल लॅटिट्यूड ५४००. कंपन्या असे लॅपटॉप ठोक घेतात किंवा भाड्याने वापरतात, तीन-चार वर्षांनी एकदम बदलतात, आणि तो माल शेकड्यांनी बाजारात येतो. त्यामुळे सुटे भाग मुबलक आणि स्वस्त. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, चार कोर, रॅमच्या दोन जागा, एम-डॉट-टू एसएसडी. नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात ‘ए ग्रेड’ म्हणून २२,५०० ला होता. ए ग्रेड ही सरकारी प्रतवारी नाही. बाहेरून ओरखडे कमी, एवढाच दुकानदारांचा आपसातला अर्थ.

पिशवीत काय नेलं

तालुक्याच्या एमएस-सीआयटी सेंटरवरून दोन पेन ड्राइव्ह तयार करून घेतले. एकात विंडोज ११ चं इन्स्टॉलर (८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो), दुसऱ्यात थेट पेन ड्राइव्हवरून चालणारं लिनक्स मिंट. दुसऱ्यातच वेगळ्या फोल्डरमध्ये डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो, तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो आणि पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा अशी पाच एकरंगी चित्रं. सोबत तारेचा इअरफोन, यूएसबी माऊस आणि मोबाइलचा टॉर्च. मोबाइलमध्ये दीड दिवसाचा पुरेसा डेटा, कारण विंडोज बसवताना तो लागणारच होता.

मायलेकी पहाटेच्या गाडीने निघाल्या. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्याने त्यांनीच जाणं ठरलं, आणि नागपुरात शिकणारा मामेभाऊ दुकानावर आला.

दुकानातले दोन तास

दुकानदाराने चालू करून ठेवलेला पहिला लॅपटॉप समोर ठेवला. चकचकीत, विंडोज ११, सगळं झटपट उघडत होतं. मुलगी म्हणाली, ‘‘भाऊ, विंडोज तुमच्यासमोर नव्याने टाकून बघायचं आहे, नेट लावून.’’ दुकानदार म्हणाला, ‘‘कशाला बेटा, टाकलेलंच आहे ना!’’ मामेभावाने थोडं लावून धरल्यावर तयार झाला.

नव्याने विंडोज टाकण्याचा हट्ट का, हे सांगायला हवं. या एका कामात दोन मोठ्या गोष्टी उघड होतात. पहिली, कंपनीचं लॉक. मोठ्या कंपन्या लॅपटॉपची नोंद विंडोज ऑटोपायलट नावाच्या सेवेत करतात. नोंद मशीनच्या हार्डवेअरच्या ओळखीवर असते, त्यामुळे एसएसडी बदलून ती जात नाही. विंडोज बसवताना नेट जोडलं की ते मशीन कोणाचं आहे हे कळतं आणि पडद्यावर कंपनीचं नाव येऊन कंपनीचाच ईमेल मागितला जातो. नेट न लावता विंडोज टाकलं तर हे दिसतच नाही. बाजारात अशी बरीच मशीन नेट न लावता तयार करून विकली जातात. वर्ष-सहा महिन्यांनी कधी विंडोज पुन्हा टाकायची वेळ आली की घेणारा अडकतो. नोंद काढणं फक्त त्या कंपनीच्या हातात असतं. दुसरी गोष्ट परवान्याची. कंपनीच्या लॅपटॉपला विंडोज प्रोचा परवाना बहुधा बायोसमध्येच असतो. नव्याने टाकून नेट लावलं की विंडोज आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं. तसं झालं नाही तर आधी दिसत असलेलं ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ कुठल्या तरी जुगाडाने आणलेलं होतं, असं समजावं.

एफ-१२ दाबून पेन ड्राइव्ह निवडला. वीस-पंचवीस मिनिटांत विंडोज बसलं, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, आणि पडद्यावर एका परदेशी कंपनीच्या नावासह तिथल्या कर्मचाऱ्याचा ईमेल मागणारी चौकट आली. दुकानदार म्हणाला, ‘‘हे असंच राहते. आम्ही नेट न लावता टाकून देतो, मस्त चालते.’’ मशीन बाजूला ठेवायला लावलं. या एका मुद्द्यावर किंमत कमी करून घेण्यातही अर्थ नाही, घेऊच नये.

दुसऱ्या मशीनला लॉक नव्हतं, पण चालू होताच अक्षरं मोठी आणि भरड दिसली. डिस्प्ले सेटिंगमध्ये १३६६ गुणिले ७६८. लॅटिट्यूडच्या याच मॉडेलमध्ये स्वस्त पडदा आणि फुल एचडी पडदा असे दोन्ही प्रकार येतात. जाहिरातीत फक्त ‘१४ इंच’ लिहिलेलं असतं. स्वस्त पडदा जरा वाकून पाहिला की रंग उलटे होतात, आणि कोड लिहिताना एका नजरेत ओळी कमी मावतात. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, तेही बाजूने पाहिल्यावर रंग न बदलणारं, हे आधीच विचारून घ्यावं. नंतर पडदा बदलणं चार-पाच हजारांच्या घरात जातं.

तिसरं मशीन टिकलं. त्यावर जे जे तपासलं ते क्रमाने असं.

आधी बायोस. चालू करताना एफ-२. पासवर्ड मागितला नाही. तिथे दिसणारा सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग तळाच्या स्टिकरवरच्या टॅगशी जुळवला. जुळला नाही तर मदरबोर्ड किंवा तळाचं झाकण दुसऱ्याच मशीनचं आहे. तोच टॅग डेलच्या सपोर्ट साइटवर टाकला की मशीन कारखान्यातून कधी निघालं आणि त्यात मुळात काय बसवलेलं होतं ते दिसतं. इथे प्रोसेसर आय-फाइव्ह ८३६५-यू आणि फुल एचडी पडदा, दोन्ही मूळ नोंदीशी जुळले.

मग लॉकची परीक्षा, आधीसारखीच. नेट जोडल्यावर साधं घरगुती खातं विचारलं, कंपनीचं नाव आलं नाही. सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशन पाहिलं, डिजिटल परवाना दिसला.

पडदा: पाचही रंगांची चित्रं पूर्ण पडद्यावर. पांढऱ्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात शेंगदाण्याएवढा फिकट डाग दिसला. बॅगेत दाब पडून असा डाग येतो; तो सहसा वाढत नाही, पण भाव करायला उपयोगी पडतो. काळ्या रंगावर कडेने उजेड झिरपत नव्हता.

कीबोर्ड: नोटपॅडमध्ये एकेक बटण. परदेशातून येणाऱ्या मालात ब्रिटिश मांडणीचे कीबोर्ड असतात: डावं शिफ्ट आखूड, एंटर उभं, वरून भारतीय स्टिकर चिकटवलेले. मराठी टंकलेखनात बोटं शिफ्टवर सतत जातात, तिथे आखूड शिफ्ट त्रास देतं. हा कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा होता, म्हणजे आपल्याकडे सगळीकडे असतो तोच. स्पेसबार डाव्या टोकाला दाबून पाहिला, कारण जुन्या मशीनमध्ये तो तिथेच आधी रुसतो.

बिजागरी: झाकण सावकाश उघडताना आणि मिटवताना बिजागरीजवळची प्लास्टिकची फट रुंदावते का, ते टॉर्च लावून पाहिलं. फट रुंदावली तर आतले स्क्रूचे खांब तुटलेले असतात. मशीन सपाट टेबलावर ठेवून चारही कोपरे दाबले. मशीन डुगडुगत असेल किंवा टचपॅड मधून वर आलेलं असेल तर बॅटरी फुगलेली आहे, आणि फुगलेल्या बॅटरीचं मशीन घरी नेऊ नये. सगळी यूएसबी पोर्ट माऊस लावून, इअरफोन, कॅमेरा, माइक, स्पीकर. लिनक्स मिंटवरूनही एकदा वाय-फाय आणि आवाज पाहिला, म्हणजे दोष विंडोजचा की हार्डवेअरचा हे वेगळं करता येतं.

दुकानदाराने सिमकार्डचा ट्रे दाखवून ‘‘यात सिम पण चालते’’ असं सांगितलं. गावात नेटची मारामार असली की हे ऐकून माणूस हुरळतो. ट्रे सगळ्यांना असू शकतो. आत मोडेमचं कार्ड असेल तरच सिम चालतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मोडेम नव्हतं. ट्रे रिकामाच.

एसएसडी: क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये आरोग्य ८९ टक्के, चालू राहिलेले तास सात हजारांच्या आसपास. कंपनीच्या रोजच्या वापराच्या तीन-चार वर्षांना हे शोभतं. दुकानदार ‘नवी’ ५१२ ची बिनब्रँडची एसएसडी टाकून देतो म्हणाला. मूळ कंपनीची वापरलेली, ८९ टक्क्यांची डिस्क अशा अनोळखी नव्या डिस्कपेक्षा बरी.

रॅम: टास्क मॅनेजरमध्ये ८ जीबी, दोनपैकी एक जागा वापरात. म्हणजे दुसरी पट्टी नंतर टाकता येईल, आणि दोन पट्ट्या झाल्या की ग्राफिक्सही थोडं सुधारतं.

बॅटरी

याला वेळ द्यावा. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि लगेच ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजी अक्षरांत लिहायचं आणि एंटर. एक फाइल तयार होते, ती ब्राउजरमध्ये उघडते. तिच्यात दोन आकडे बघायचे: मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता. इथे मूळ क्षमता ६८,००० मिलिवॉट-अवरच्या आसपास आणि आताची ४१,३००. म्हणजे जवळपास ६१ टक्के. याच मॉडेलला ५१ वॉट-अवरची लहान बॅटरीही येते. लहान बॅटरी ८० टक्क्यांवर असली तरी या मोठ्या बॅटरीइतकीच चालते. टक्क्यांवर न जाता वॉट-अवर बघावेत.

दोन्ही आकडे तंतोतंत सारखे दिसले तर आनंदून जाऊ नये. बाजारातल्या नकली बॅटऱ्या स्वतःबद्दल वाटेल ते आकडे सांगतात. म्हणून अहवालावर न थांबता चार्जर काढून, उजेड पूर्ण ठेवून अर्धा तास व्हिडिओ चालवला. १०० वरून ८४ वर आली. अर्ध्या तासात १६ टक्के, तेही पूर्ण उजेडावर. कोड लिहिताना उजेड निम्मा ठेवला की तीन-साडेतीन तास निघतात. गरज तीन तासांचीच होती. टक्के एकसारखे उतरत होते. ६० वरून एकदम ३५ असं कोसळत असेल तर आतले सेल असमान झालेत, मग उरलेले टक्के धरूच नयेत.

या अर्ध्या तासात मामेभावाने एचडब्ल्यूइन्फोवर तापमान पाहिलं. व्हिडिओ चालू असताना ४८ अंश. नंतर चार्जर लावून प्रोसेसरवर पूर्ण भार टाकला तेव्हा नव्वदीच्या घरात जाऊन वेग सव्वादोन गिगाहर्ट्झच्या आसपास टिकला. बारीक बांध्याच्या मशीनला हे चालतं. पंखा खरखरत नव्हता.

सौदा

मागितले २२,५००. बॅटरीचा अहवाल आणि पडद्यावरचा डाग समोर ठेवून मायने १९,५०० सांगितले. शेवटी २०,५०० ला सौदा ठरला. पैसे देण्याआधी दोन गोष्टी लिहून घेतल्या. पक्कं बिल, त्यावर सर्व्हिस टॅग. टॅग नसलेलं बिल कोणत्याही लॅपटॉपचं असू शकतं, आणि मशीन उद्या चोरीच्या मालातलं निघालं तर आपण रीतसर घेतलं हे दाखवायला तेच कामी येतं. दुसरं, मदरबोर्ड आणि पडद्याची ३० दिवसांची हमी बिलावरच, सही-शिक्क्यासह. तोंडी ‘काही झालं तर या’ याला पाच तासांच्या अंतरावरून काही किंमत नाही.

तिथेच वापरलेली ८ जीबीची डीडीआर-४ रॅमची पट्टी १,४०० रुपयांत घेऊन बसवून घेतली. टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी, दोन्ही जागा वापरात, हे पाहूनच उठल्या.

चूक झाली ती इथे

तपासणी दुकानाच्या काउंटरवरच्या चार्जरवर झाली. बॅगेत दुकानदाराने खोक्यातला दुसरा चार्जर टाकला. गावी पोचल्यावर चालू करताना पडद्यावर संदेश: चार्जरचा प्रकार ओळखता येत नाही. बॅटरी चार्ज होईना, आणि मशीन इतकं मंद की फोल्डर उघडायलाही वेळ लागे.

कारण असं. डेलच्या गोल पिनेच्या मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यातून चार्जर स्वतःची ओळख लॅपटॉपला देतो: किती वॉटचा, कोणत्या प्रकारचा. ओळख पटली नाही तर लॅपटॉप सावध होतो, बॅटरी चार्ज करणं थांबवतो आणि प्रोसेसरचा वेग एक गिगाहर्ट्झच्याही खाली बांधून ठेवतो. स्वस्त नकली चार्जरमध्ये ही ओळख देणारी चिप नसते, किंवा वापरून मधली पिन वाकलेली असते. मदरबोर्ड गेला, लॅपटॉप भंगार निघाला, असं या लक्षणावरून बऱ्याच जणांना वाटतं. आधी दुसऱ्या डेल चार्जरवर बघावं. गावातल्या शाळेतल्या एका मास्तरांकडे ६५ वॉटचा मूळ डेल चार्जर होता. तो लावताच संदेश गेला, वेग परत आला.

दुकानदाराला फोन केला, त्याने बदलून द्यायला खळखळ केली नाही. मामेभावाने मूळ ६५ वॉटचा (१९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर) चार्जर दुकानातच त्याच मॉडेलवर लावून पाहिला आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पार्सल म्हणून दिला. सकाळी दारव्ह्याला उतरवून घेतला. सगळी परीक्षा बॅगेत जाणाऱ्या चार्जरवरच करायची, एवढं केलं असतं तर हे टळलं असतं.

घरची वीज

घरच्यांचा पहिला विचार स्टॅबिलायझर घेण्याचा होता, दोनेक हजारांचा. तो घेऊ नये. लॅपटॉपचा चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. संध्याकाळी दाब (व्होल्टेज) १७० वर आला तरी चार्जरला फरक पडत नाही. कमी दाबाचा त्रास फ्रिजला आणि मोटारीला.

धोका उलट बाजूने आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. वाऱ्या-वादळात हे होतं आणि एका फटक्यात गल्लीतले टीव्ही जातात. साधी स्पाइक गार्डची पट्टी क्षणाचा झटका झेलते, असा बराच वेळ टिकणारा दाब झेलत नाही. त्यासाठी फ्रिजला लावतात तो जास्त-कमी दाबाला लाईन तोडणारा प्रोटेक्टर इलेक्ट्रिकच्या दुकानातून घेऊन फक्त चार्जरच्या बोर्डाला लावला. विजा कडाडत असताना प्लग काढायचाच. ते कोणत्याही उपकरणावर सोडू नये.

चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावला की मुंग्या येत होत्या. ते अर्थिंग नसल्याचं लक्षण. तीन पिनांचा प्लग असला तरी बोर्डात तिसरी तार कुठेच जोडलेली नव्हती. वायरमनने अंगणातल्या अर्थिंगच्या सळईपर्यंत तार ओढून दिली, मुंग्या थांबल्या. प्रोटेक्टर, तार आणि मजुरी धरून हजाराच्या आत भागलं. २४,००० मधून भाडं जाऊनही थोडे पैसे उरले.

डेलच्या बायोसमध्ये बॅटरी किती टक्क्यांवर चार्ज थांबवायची हे ठरवता येतं. कायम चार्जरवर राहणाऱ्या मशीनला ८० योग्य. इथे लाईन जाते म्हणून ९० ठेवलं. मे महिन्यात टिनाच्या खोलीत ४५ अंशांत लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवणं बॅटरीला सगळ्यात जास्त मारतं. त्या दिवसांत तो मातीच्या भिंतीच्या मधल्या खोलीत ठेवायचं ठरलं.

डिसेंबरमधली पाहणी

वेचणीनंतर कापूस घरातच साठवला होता, लॅपटॉपचं टेबल शेजारच्या खोलीत. डिसेंबरच्या शेवटी मुलीने तक्रार केली की पंखा सारखा पळतो आणि मशीन मांडीवर घेतलं तर चटके बसतात. तळाचं झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांवर धूळ फारशी नव्हती, पण पंख्याच्या पुढच्या तांब्याच्या बारीक जाळीवर कापसाच्या तंतूंचा एकसंध थर बसला होता, नमद्यासारखा दाट. वारा जाळीतून बाहेर पडायला जागाच उरली नव्हती. मे-जूनची धूळ ब्रशने झटकली जाते, हा थर जात नाही. चिमट्याने एका टोकाने धरला तर सोलून अख्खा निघाला. साफ करण्याआधी बॅटरीची जोडणी काढली, आणि पंख्याचं पातं काडीने अडवून ठेवूनच फुंकणी मारली. मोकळा पंखा फुंकणीच्या जोरावर भलत्या वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट कोरडी पडून भेगाळली होती. जुनी पुसून ज्वारीच्या दाण्याएवढी नवी लावली. पूर्ण भारावरचं तापमान ९४ वरून ८१ वर आलं.

कापूस घरात असेपर्यंत महिन्यातून एकदा बाहेरूनच जाळीत टॉर्च मारून बघायचं. आरपार उजेड दिसला नाही तर झाकण उघडायचं. बॅटरीचा अहवाल त्याच दिवशी पुन्हा काढला: ३९,६०० मिलिवॉट-अवर. ३०,००० च्या खाली गेली की बदलायची, आणि बदलताना ६८ वॉट-अवरचीच घ्यायची. ५१ ची बॅटरी स्वस्त पडते, पण तिचे सेल तीन आणि आकार लहान. मागवण्याआधी जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर फोनवर फोटो काढून दुकानदाराला पाठवायचा आणि त्याच नंबरची आहे असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं.